हातात वजन असताना

मुकादमाला कुणाचं कौतुक करता येत नसे. मनात नसे असं नाही, मनात बक्कळ असे. पण ते तोंडापर्यंत यायचं आणि दातांपाशी अडायचं, रुंद कपाट अरुंद दारात अडतं तसं.

धंदा त्याचा लोकांची घरं हलवण्याचा. एका घरातून संसार उतरवायचा, गाडीत रचायचा, दुसऱ्या घरात चढवायचा. पोरवयात या कामाला लागला, तो केस पिकले तरी जिन्यांवरच. खांदे असे रुंद झालेले की शिंपी माप घेताना दोनदा टेप लावून बघायचा, आणि पोटऱ्या मात्र सुतळीसारख्या. "वरून बैल, खालून बगळा," असं त्याची बायको म्हणायची. लग्नानंतरचं तिचं हेच काय ते गोड बोलणं, असं तो गड्यांना सांगायचा.

कौतुक न करण्याची खोड त्याला कामानंच लावली. तो ज्याच्या हाताखाली शिकला त्या म्हाताऱ्या मुकादमाचा एक दंडक होता. हातात वजन असेपर्यंत तीनच शब्द बोलायचे: उचल, थांब, ठेव. फार तर शिवी द्यावी. शिवीनं माणूस हात घट्ट धरतो. पण 'शाब्बास' म्हणायचं नाही. शाब्बास म्हटलं की माणूस हसतो, आणि हसला की पकड सुटते. हे काही म्हाताऱ्याचं खूळ नव्हतं. एकदा मोठा आरसा उतरवताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी हौसेनं टाळ्या वाजवल्या, "वा रे पठ्ठ्या!" म्हणून. पठ्ठ्या खूश झाला. त्या खुशीत आरसा गेला आणि पठ्ठ्याच्या पायाची दोन बोटंही गेली. घरमालकीण पुढं कित्येक दिवस आरशासाठी हळहळत होती.

म्हाताऱ्याचा हा दंडक मुकादमानं उचलला तो खाली ठेवलाच नाही. तसं बघितलं तर वजन उतरवल्यावर कौतुक करायला कुणाची बंदी नव्हती. पण एक खाली ठेवलं की दुसरं उचलायचं असायचं. त्यामुळे ते राहून जायचं. त्याच्या गड्यांनाही सवय झाली होती. मुकादम काही बोलला नाही म्हणजे काम चांगलं झालं, असं ते समजून चालायचे.

कचेरीतली पोरगी आली तेव्हा ती नुसती फोन उचलायला आली होती. किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा, आवाज हळू. पण एक पाऊल मागं घेईल तर शपथ. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. अमक्याचा पलंग दारातून गेला नाही, तमक्याचा सोफा जिन्यात अडकला. महिनाभर ऐकलं आणि एक दिवस मोजपट्टी खिशात घालून ती स्वतःच लोकांची घरं बघायला निघाली. दारं मोजायची, जिने मोजायची, वळणापाशी वाकून बघायची. गड्यांनी तिचं नावच मोजपट्टी पाडलं. आधी पाठीमागं म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि तिनंही हाक ऐकून मागं वळायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात तिनं मुकादमाला गाठलं.

"काका, परवा तुमचं कपाट जिन्यात अडकलं. जिना कुणी मोजलाच नव्हता."

"जिना डोळ्यानं मोजतात."

"मग परवा डोळे घरी राहिले होते का?"

गड्यांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. मुकादमानं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि बघून व्हायला फार वेळ लागला नाही, एवढीच ती होती. "कचेरीत पंखा आहे ना?" तो म्हणाला. "त्याच्याखाली बस जा."

ती काही पंख्याखाली बसली नाही. पुढं तिनं आणखी एक काढलं. घर हलवायच्या आधी त्या घरातल्या माणसांना ती एकच प्रश्न विचारायची: नव्या घरात पोचल्यावर सगळ्यात आधी काय लागेल? कुणी म्हणे पाळणा, कुणी म्हणे म्हाताऱ्या वडलांची खुर्ची. एका चिमुरडीनं मांजराची टोपली सांगितली. ज्यानं जे सांगितलं ते गाडीत सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे उतरताना पहिलं हाताशी येईल.

मुकादम तापला. "सामान वजनानं रचतात, लाडानं नाही. जड आधी, हलकं नंतर. तुझा तो जड लाकडी पाळणा शेवटाला ठेवला तर माझी सगळी रचना मोडते."

"मग नवी रचना करा. तुम्हाला नाही जमलं तर कुणाला जमेल?"

हे बोलणं टोमणा होता की स्तुती, ते मुकादमाला आठ दिवस कळलं नाही. पण त्यानं रचना बदलली. नव्या घरात पाळणा पहिला वर गेला, आणि बाकीचं सामान वर येईपर्यंत आतलं रडकं पोर गाढ झोपलं होतं. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, तिचाही डोळा लागलेला. गडी पावलं न वाजवता ये-जा करायला लागले. मुकादम दारात जरा उभा राहिला आणि गड्यांवर खेकसला, "पुढच्या वेळी पाळण्याची दोरी नीट बांधा." विषय संपला.

मग गप्प्याचं प्रकरण झालं. गप्प्या हे त्याचं नाव तो गप्प बसत नसे म्हणून. मुकादमाच्या बरोबरीचा गडी, उभा जन्म दोघांनी एकाच ओझ्याच्या दोन टोकांना काढलेला. त्याचा गुडघा गेला. मालक म्हणाला, आता याला घरी बसवा. मुकादम मालकापुढं मान खाली घालून उभा राहिला. वजनाचं काम, आणि गुडघा नाही, यावर बोलणार काय? पोरगी मात्र मालकाच्या खोलीत शिरली. म्हणाली, "या माणसानं गावातला एकेक जिना चढलाय. त्याला आधी जाऊन घरं बघू द्या, माणसांशी बोलू द्या. बोलणं त्याच्यापाशी एवढं पडलंय की आपल्याला विकत आणावं लागणार नाही." मालक हसला, आणि हसला तिथंच तो हरला. गप्प्या हातात मोजपट्टी घेऊन आधी घरं बघायला जायला लागला, आणि महिन्याभरात तक्रारींचे फोन निम्म्यावर आले.

त्या दिवशी संध्याकाळी मुकादम कचेरीत गेला. पोरगीच्या टेबलापाशी उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं. टेबल हलत होतं, एक पाय आखूड होता. त्यानं खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, घडी घातली, वाकून पायाखाली सरकवला आणि टेबल हलवून बघितलं. हलेना.

"थँक्यू, काका."

"आवाज यायचा त्याचा," मुकादम म्हणाला आणि निघाला.

या पोरगीच्या मनात पुढं शिकायचं होतं. दुसऱ्या शहरात एक मोठं बिझनेस स्कूल होतं, तिथं जायचं. त्याची परीक्षा फार कठीण म्हणे. दोन फोनांच्या मधे ती गणितं सोडवायची, गाडीच्या फळीवर बसून शब्द पाठ करायची. परीक्षा झाली, मार्क असे पडले की गड्यांनी ते चहावाल्यालाही सांगितले. आणि तरी स्कूलनं तिला नाही म्हटलं.

ती गाडीच्या फळीवर येऊन बसली. मुकादम दोरी गुंडाळत होता.

"मार्क भरपूर होते, काका. तरी नाही घेतलं."

"मग काय कमी पडलं? वजन?"

तिला रडता रडता हसू आलं. मग तिनं नीट सांगितलं. तिनं त्यांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, मार्कांवरून एवढंच कळतं की तुम्हाला गणित येतं. आमच्या दारात येणाऱ्या सगळ्यांनाच येतं. तुमच्या अर्जात तुम्ही कुठं दिसतच नाही. तुमच्या आजूबाजूच्या माणसांचं तुमच्यामुळं काय झालं, ते काहीच कळत नाही. निबंधात तिनं जागतिक व्यापार वगैरे भलंमोठं लिहिलं होतं. आणि शिफारशीला मालकाचं पत्र जोडलं होतं. कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर.

"मालकानं तेच पत्र वॉचमनलाही दिलंय," ती म्हणाली. "नुसतं नाव बदललंय."

"वॉचमन कुठं वक्तशीर आहे?" मुकादम म्हणाला.

पुन्हा एकदाच अर्ज करता येणार होता. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की ते दार कायमचं बंद.

वर्षभर तिनं परीक्षेच्या पुस्तकाला हात लावला नाही. निबंध फाडून नवा लिहिला, त्यात जागतिक काही ठेवलं नाही, पाळणा ठेवला. जेवणाच्या सुट्टीत गड्यांना वाचून दाखवला. लंबू नावाचा उंच गडी सगळं ऐकून म्हणाला, "चांगलंय, पण यात मी कुठंय?" मग तिनं लंबूलाही घातलं. गाडी कशी रचायची ते आळीपाळीनं एकेका गड्यानं ठरवायचं, अशी रीत तिनं घातली. त्यामुळं पहिले काही दिवस गोंधळ झाला, आणि मग लंबूसारखा माणूसही पहिल्यांदाच 'माझी गाडी' म्हणून बोलायला लागला. सगळं जमून आलं. राहिली शिफारस.

"काका, त्यांना असा माणूस हवाय की ज्यानं माझं काम अगदी जवळून बघितलंय. जमलं तर ज्याच्याशी माझं भांडण झालंय असा."

"मग माझ्याकडे का आलीस?"

"भांडायला मला दुसरं आहे कोण?"

मुकादमानं दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "मला लिहिता येत नाही तसलं."

"लिहायचं नाही. त्यांचा फोन येतो, नुसतं बोलायचं."

"बोलताही येत नाही."

"माझ्याशी तर तासतासभर भांडता!"

"ते बोलणं नाही. ते काम आहे."

तो बघतो म्हणाला आणि बघायचं टाळत राहिला. खरी गोष्ट वेगळीच होती. पोरगी गेली तर कचेरीत पुन्हा पंख्याखाली बसणारं कुणीतरी येणार होतं. पुन्हा जिने न मोजता चढावे लागणार होते. आणि सकाळी गाडी निघताना "काका, डोळे घेतलेत ना बरोबर?" असं ओरडून विचारणारं कुणी राहणार नव्हतं. ज्या फोनानं ती जाणार, तो फोन त्यानंच घ्यायचा. आपल्याच हातानं आपल्या घरातला दिवा दुसऱ्याच्या गाडीत चढवायचा, अशातली गत.

सकाळी त्यानं बायकोपुढं विषय काढला. ती धुण्याची बादली घेऊन निघाली होती.

"पोरगी जाईल म्हणतेय."

"जाऊ दे की. जन्मभर लोकांना हलवून पोट भरलंत, आणि आता एक आपणहून हलतेय तर दारात आडवे?"

"आडवा कुठं होतोय? मला कुणाबद्दल चांगलं बोलता येत नाही, एवढंच."

"हे मला सांगताय?" बायको बादलीसकट वळली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या हातचं खाऊन एकदा तरी 'बरं झालंय' म्हणालात?"

मुकादमानं विचार केला. "तुझ्या हातात कायम काहीतरी असतं," तो म्हणाला.

बायकोनं बादलीकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. "काय ध्यान पदरात पडलंय," म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली. पण जाता जाता दारातून तिनं आवाज दिला, "पोरीला हो म्हणून सांगा आजच."

त्यानं सांगितलं.

मग तालीम सुरू झाली. गप्प्या उलट्या बादलीवर बसून स्कूलची बाई व्हायचा, आवाज बारीक करून विचारायचा, "तर मुकादमसाहेब, या मुलीचा एक गुण सांगा बरं."

मुकादम बराच वेळ जमिनीकडे बघायचा. "वेळेवर येते."

"छान. अजून?"

"वेळेवर जाते."

"दादा, घड्याळाची शिफारस चाललीय का?" लंबू विचारायचा. मुकादम उठून जायचा.

फोनाचा दिवस ठरला, दुपारची वेळ ठरली. पोरगीनं दहादा बजावलं, "काका, फोन चुकवू नका हं. काही झालं तरी." तिला कचेरी सोडता येत नव्हती. मुद्दाम त्या दिवशी एकच छोटं काम घेतलं होतं. म्हातारा-म्हातारी, तिसरा मजला, सामान थोडं. एक जुनं लाकडी कपाट तेवढं अजस्र. गप्प्यानं आधी येऊन जिना मोजला होता, कपाट आरामात जात होतं. पण त्याच्या मोजण्यानंतर कुणी शहाण्यानं जिन्याच्या वळणावर नवा लोखंडी कठडा बसवला. कपाट वळणापर्यंत आलं आणि रुतलं. वर जाईना, खाली येईना. चौघं त्याखाली. लंबू वरच्या टोकाला, मुकादम खालच्या, खांद्यावरून पट्टा, गाल लाकडाला चिकटलेला. गुडघ्यामुळं गप्प्या तेवढा मोकळा उभा.

आणि मुकादमाच्या खिशात फोन वाजला.

"थांब," मुकादम म्हणाला. चौघं थांबले. फोन वाजत राहिला. 'आता नको, नंतर करा' असं म्हणता आलं असतं. पण पोरगीचं बजावणं कानात होतं, आणि मोठ्या जागचा फोन एकदाच येतो, परत येत नाही, अशी त्याची समजूत. "काढ," तो गप्प्याला म्हणाला. गप्प्यानं खिशातून फोन काढला आणि त्याच्या कानाशी धरला.

पलीकडं एक बाई होत्या. आवाज मऊ. आपण प्रवेश समितीतून बोलतोय म्हणाल्या. "आता बोलायला वेळ आहे ना?"

"बोला."

"तिच्यातली कुठली गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त आवडते?"

मुकादमानं तोंड उघडलं. सगळं एकदम वर आलं, पाळणा आला, गप्प्याचा गुडघा आला, सकाळची ती हाक आली. आणि खांद्यात पट्टा रुतत होता. डोळ्यांसमोर लंबूचे हात होते, बोटं पांढरी पडलेली. चौघांच्या हातात वजन.

"ते आत्ता सांगता येणार नाही," तो म्हणाला.

लंबूनं वरून डोळे वटारले.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग तिनं कुठं सुधारायला हवं असं वाटतं?"

याला काही बंदी नव्हती. मुकादम सुटला. "हट्टी आहे. एकदा डोक्यात घेतलं की मालकाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. जिथं तिथं नाक खुपसते. गाडी कशी भरायची ते मला शिकवते. मला! लंबू, थांब! तुम्हाला नाही म्हटलं. स्वतः जेवायला विसरते आणि मग दुपारी आमच्यावर भडकते. दुसऱ्याचं काम अंगावर घेते आणि..."

"आणि माणसांना सांभाळून घेण्यात कशी आहे?"

कपाट करकरलं.

"तेही आत्ता नाही सांगता येणार."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण बंद झालेल्या दारासारखा. "वेळ दिलात, आभारी आहे."

गप्प्यानं फोन खाली घेतला. जन्मात पहिल्यांदा त्याला काही बोलायला सुचेना. वरून लंबू म्हणाला, "दादा, वाट लावलीत पोरीची."

"उचल," मुकादम म्हणाला.

कपाट त्यांनी तिरपं केलं, त्याचे पाय कठड्यावरून वर काढले आणि केसाच्या अंतरानं सोडवलं. मग दुसरा मजला, मग तिसरा. मुकादम पायऱ्या चढत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि आज पहिल्यांदा त्याला लाकडाच्या वजनाशिवाय आणखी कसलं तरी वजन लागत होतं. कपाट भिंतीला लागलं. "ठेव." ठेवलं. म्हातारीनं पाणी आणून दिलं. त्यानं तांब्या हातात घेतला नाही. बाहेर आला, जिन्याच्या पायरीवर बसला, दोन्ही तळवे उघडे करून गुडघ्यांवर ठेवले.

"फोन लाव."

"कुणाला?" गप्प्या म्हणाला.

"मघाच्या बाईंना."

फोन लागला. मुकादमानं तो स्वतःच्या हातात घेतला.

"मी मुकादम बोलतोय. मघाशी तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या हातात कपाट होतं."

"हातात? तुम्ही बोलत होतात तेव्हा?"

"हो. जिन्यात अडकलं होतं. हातात वजन असताना आमच्यात चांगलं बोलत नाहीत. पकड सुटते, माणूस जायबंदी होतो. आता ठेवलंय. आता विचारा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "एक मिनिट हं," बाई म्हणाल्या. "मी पेन घेते."

मुकादमानं तालीम केलेलं सगळं सोडून दिलं. "हट्टी म्हणालो ते खरं आहे, ते खोडू नका. पण त्या हट्टापायी आमचा एक माणूस आज कामावर आहे. गुडघा गेला होता त्याचा. मी मालकापुढं मान खाली घालून उभा होतो. ही आत गेली आणि त्याला काम घेऊन बाहेर आली. तो आत्ता इथंच उभा आहे, विचारा हवं तर."

गप्प्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

"आम्ही लोकांचं सामान हलवायचो, बाई. जड आधी, हलकं नंतर, एवढंच बघायचो. ती माणसांना विचारते, पोचल्यावर आधी काय लागेल. मी भांडलो. माझं चुकलं होतं असं नाही, माझी रचना चांगलीच होती. पण तिच्या रचनेत पोर झोपतं. अजून एक. एकदा गडी कमी होता. वॉशिंग मशीन होतं. ही म्हणाली मी धरते. जिना चढताना खालच्या माणसावर जास्त वजन येतं, हे तिला ठाऊक होतं, तरी खालीच उभी राहिली. दाराच्या चौकटीत बोट सापडलं तिचं. मी ठेव म्हणेपर्यंत सोडलं नाही. नख काळं झालं. आणि मी तिला काय म्हणालो? बर्फ लाव म्हणालो. बास."

"तेव्हा काय म्हणायचं होतं?"

"ते तुम्हाला कळलं असेल आता," मुकादम म्हणाला.

बाई हसल्या असाव्यात, नीट कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "शिकून ती तुमच्याकडे परत येईल असं वाटतं?"

"नाही."

"मग ती जावी असं वाटतं तुम्हाला?"

मुकादमानं जिन्याखाली बघितलं. कठड्याला कपाटाचा रंग लागला होता. "मला विचाराल तर जाऊ नये. पण मला काय हवंय हे विचारायला तुम्ही फोन केला नव्हता. ती कशी आहे ते विचारलंत. तर ती अशी आहे."

फोन ठेवल्यावर त्यानं तांब्या मागवला आणि सगळा रिकामा केला. लंबूनं आतून सगळे पट्टे गोळा करून आणले, जे तो कधी आणत नसे.

गप्प्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत पोरगीला दोन्ही फोन शब्दाशब्दानं कळले, पहिला ऐकून ती खाली बसली आणि दुसरा ऐकून उठली. मुकादमापाशी आली. पण नुसतं उद्याच्या गाडीचं बोलून गेली. पुढं तिला मुलाखतीला बोलावलं. तिथल्या लोकांनी तिला मार्कांचं काहीच विचारलं नाही म्हणे, गाडीच्या रचनेवरच धारेवर धरलं, आणि ती त्यांच्याशीही भांडली.

निकाल आला तेव्हा मुकादम एका दारासमोर पट्टा खांद्यावर घेऊन पलंग उतरवत होता. पोरगी कचेरीतून धावत आली, चष्मा नाकावर घसरलेला. त्याला बघून जागीच थांबली. तोंड मिटून बाजूला उभी राहिली. मुकादमानं तिच्याकडे बघितलं नाही. पलंग गाडीत गेला, दोरी आवळली, पट्टा उतरला.

"बोल."

"झालं, काका. घेतलं त्यांनी."

"हं." त्यानं पट्ट्याची घडी केली. "कधी जायचं?"

"पुढच्या महिन्यात."

"गाडी मी घेऊन येतो." घडी नीट बसली नव्हती, त्यानं ती पुन्हा केली. मग म्हणाला, "तिथं पोचल्यावर सगळ्यात आधी काय लागेल?"

तिनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "कचेरीतलं टेबल काही माझं नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या पायाखालचा पुठ्ठा नेऊ का?"

"खुळी आहेस. पुठ्ठा तिथं मिळेल." तो गाडीत चढला, तोंड दुसरीकडे करून. "आधी तिथलं टेबल हलतंय का ते बघू. वेळेवर यायचं हं उद्या. आणि चांगलं केलंस."

शेवटचे शब्द त्यानं एवढ्या घाईनं टाकले की लंबूला वाटलं आपल्यालाच म्हणाला, आणि तो दिवसभर खूश होता.

घरी गेला तेव्हा बायको पाण्यानं भरलेली मातीची घागर कमरेवर घेऊन आत येत होती.

"ती खाली ठेव जरा," मुकादम म्हणाला.

बायको घाबरली. "का? काय झालं? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. ठेव तर."

तिनं घागर ठेवली, हात पदराला पुसले आणि उभी राहिली. मुकादमही उभा राहिला. दातांपाशी नेहमीसारखं अडलं. त्यानं जिन्यातल्या कपाटासारखं ते तिरपं करून बघितलं, पाय वर काढून बघितले.

"सकाळची भाजी चांगली झाली होती," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "ती शेजारणीनं दिली होती."

मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. ते तोंड बघून बायकोला हसू फुटलं. आधी पदर लावून हसली, मग भिंतीला धरून हसली, मग तिथंच जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. मुकादम तिच्या शेजारी घागरीपाशी बसला.

बरं झालं खाली ठेवायला लावलं, त्याच्या मनात आलं. हातात असती तर नक्की फुटली असती.